धंद्याच्या भांडणात कोर्टाकडून मनाई कशी आणायची, आणि आपल्यावरच आली तर काय करायचं

आपल्याकडे कोर्टातून काहीही थांबवून आणलं की त्याला "स्टे" म्हणतात. बँकेवर स्टे, भावावर स्टे, शेजाऱ्याच्या भिंतीवर स्टे. वकिलांच्या भाषेत स्टे म्हणजे एखाद्या हुकमाला किंवा चालू कारवाईला स्थगिती, आणि समोरच्या माणसाला "हे करू नकोस" असं कोर्ट बजावतं ती मनाई, म्हणजे इंजंक्शन, जुन्या कागदांत ताकीद. हे एवढ्यासाठी सांगतोय की वकिलासमोर बसून नुसतं "स्टे पाहिजे" म्हटलं की पहिला अर्धा तास नेमकं काय थांबवायचंय हे शोधण्यातच जातो.

मी वकील नाही. घरचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे, कोल्हापूरकडचा, आणि काही वर्षांपूर्वी आमच्याच एका जुन्या डिस्ट्रिब्युटरनं आमच्यासारखं पाकीट छापून स्वतःचा मसाला बाजारात उतरवला, तेव्हा दीड वर्ष कोर्टाच्या पायऱ्या चढलो. त्यात जे कळलं आणि नंतर दोस्तमंडळींच्या भानगडींत जे बघितलं ते लिहितोय. वकील तर तुम्हाला लागणारच, पण त्याच्याकडे कधी जायचं आणि काय घेऊन जायचं एवढं ठाऊक असलं तरी बरीच फरफट वाचते.

सगळ्यात आधी बघा की भांडण मनाईचं आहे का पैशाचं. पार्टीकडे ४० लाख अडकलेत म्हणून "त्याचं खातं गोठवा, त्याला माल विकू देऊ नका" असं कोर्ट सहसा करत नाही, पैशानं भरून निघणारं नुकसान असेल तर कोर्ट म्हणतं वसुलीचा दावा लावा, व्याज मागा. पार्टी सगळं विकून पसार व्हायच्या बेतात आहे असं ठोस दाखवता आलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३८ रूल ५ ची निकालाआधीची जप्ती आहे, पण तिथंही सुप्रीम कोर्टानं रमण टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या केसमध्ये सांगून ठेवलंय की बिनतारण उधारी तारणाची करून घ्यायला हे कलम नाही. मनाई कामाला येते ती नाव, पाकीट, रेसिपी, ग्राहकांची यादी, "दुसऱ्याचा माल विकणार नाही" असं करारातलं कलम, भागीदारानं फर्मची मशिनरी परस्पर विकायला काढणं, असल्या प्रकारात, जिथं गेलेली गोष्ट नंतर पैसे देऊनही परत येत नाही.

तात्पुरती मनाई मिळते त्याच संहितेतल्या ऑर्डर ३९ रूल १ आणि २ खाली आणि कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी केस आहे का, सोय-गैरसोयीचं पारडं कुणाकडे झुकतंय, आणि मनाई नाही दिली तर भरून न येणारं नुकसान होईल का. तिन्ही पाहिजेत, दोनावर भागत नाही. पहिलं बहुतेकांना जमतं. पारड्याच्या ठिकाणी लोक मार खातात कारण आपण आपलंच रडगाणं गातो आणि समोरच्याचं काय होईल यावर चकार शब्द लिहीत नाही. आमच्या केसमध्ये त्याच्या वकिलांनी उभं राहून सांगितलं की माझ्या अशिलानं कर्ज काढून दोन मशिन टाकल्यात, बायका कामाला आहेत, मनाई दिली तर युनिट बंद पडेल. आमच्या वकिलांचं उत्तर तयार होतं, की साहेब आम्ही मसाला बंद करा म्हणतच नाही, हे लाल-पिवळं पाकीट बंद करा म्हणतोय, उद्या निळ्या पाकिटात विकू दे. पारडं तिथं फिरलं. म्हणजे मागणी जेवढी आखूड तेवढी मिळायची शक्यता जास्त.

आता उशिराचं, कारण आम्ही गचकलो ते इथंच. नक्कल झाल्याचं आम्हाला फेब्रुवारीत कळलं, एका किराणा दुकानदारानं पाकीट आणून दाखवलं. मग वडील म्हणाले बोलून बघू, मग दोन मीटिंगा, मग नोटीस, त्यावर त्याचं गोलमाल उत्तर, आणि आम्ही कोर्टात उभे राहिलो मे महिन्यात. ज्यांना मसाल्याचा धंदा माहितीय त्यांना कळेल की मार्च ते मे हाच सीझन, वर्षाचा मसाला लोक पावसाआधी करून ठेवतात. जजसाहेबांनी फाइल चाळली, नोटिशीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि एकच विचारलं, "फेब्रुवारीत कळलंय, मग आजच असं काय पेटलंय की समोरच्याला न ऐकता हुकूम देऊ?" आमच्या वकिलांकडे उत्तर नव्हतं आणि आमच्याकडे तर नव्हतंच. एकतर्फी नाकारली, प्रतिवादीला नोटीस काढली, पुढची तारीख पडली तोवर सीझन संपला. मनाई शेवटी मिळाली, जुलैमध्ये, भर पावसात.

ट्रेडमार्कच्या केसमध्ये नुसत्या उशिरामुळे मनाई नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये मिडास हायजीनच्या केसमध्ये म्हटलंय. ती केस झुरळं मारायच्या खडूची, नाव "लक्ष्मण रेखा", आणि समोरच्यानं काढलं होतं "मॅजिक लक्ष्मण रेखा". हा निकाल आमच्याही कामाला आला, पण एकतर्फीसाठी नाही, सगळ्यांचं ऐकून झाल्यावर. पहिल्याच दिवशी हुकूम हवा असेल तर कळल्यापासून दिवस मोजा, महिने नाही. समेटाची बोलणी करायची तर करा, पण ती लेखी ठेवा, म्हणजे गप्प बसला नव्हता हे तरी दिसेल.

कोणत्या दारात जायचं ते करारावर ठरतं. कराराचं शेवटचं पान काढा आणि आर्बिट्रेशन म्हणजे लवादाचं कलम आहे का बघा. असेल तर साधा दावा लावू नका, समोरचा कलम ८ चा, म्हणजे भांडण लवादाकडे पाठवा असा अर्ज टाकेल आणि दावा तिथंच अडकेल. लवाद कायदा १९९६ च्या कलम ९ खाली लवाद बसायच्या आधीच कोर्टात मनाई मागता येते, फक्त लक्षात ठेवा की हुकूम मिळाल्यापासून ९० दिवसांत लवादाची प्रक्रिया सुरू करावी लागते, मनाई खिशात घालून आरामात बसलेले आणि मग अडचणीत आलेले लोक मी बघितलेत. आणि एकदा लवाद नेमला गेला की कोर्ट सहसा म्हणतं आता तिकडेच कलम १७ खाली मागा.

लवादाचं कलम नसेल आणि भांडण व्यापारी स्वरूपाचं, ३ लाखांचं किंवा त्याहून मोठं असेल तर कमर्शियल कोर्ट. इथं कलम १२अ नावाचा दगड वाटेत आहे. तातडीची अंतरिम मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते, तीन महिने, दोन्ही बाजू तयार असतील तर अजून दोन, आणि ती न करता दावा लावला तर तो फेटाळला जातो, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये पक्कं केलं. मग काही वकिलांनी शक्कल काढली, प्रत्येक दाव्याला मनाईचा अर्ज चिकटवायचा की मध्यस्थी टळली. २०२३ मध्ये यामिनी मनोहरच्या केसमध्ये कोर्टानं सांगितलं की तातडी खरी आहे का नुसता मुखवटा आहे ते आम्ही दाव्यातल्या मजकुरावरून बघू. थोडक्यात, तातडी दाव्यात तारखांसकट लिहिलेली पाहिजे. ट्रेडमार्कचा दावा तर जिल्हा न्यायालयाच्या खाली लागतच नाही, आणि मुंबईत रकमेप्रमाणे सिटी सिव्हिल नाहीतर हायकोर्टाची ओरिजिनल साइड, तिथं प्रेसिपी म्हणजे लेखी विनंती देऊन अर्जंट सर्क्युलेशन, म्हणजे तातडीची सुनावणी, घ्यावी लागते, ते तिथल्या वकिलावर सोडा.

फर्म असेल तर आजच रजिस्ट्रेशन बघून घ्या. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ नुसार रजिस्टर नसलेल्या फर्मला करारावरून तिऱ्हाइताविरुद्ध दावाच लावता येत नाही. नावाची, पाकिटाची नक्कल असेल तर हा अडसर येत नाही, हल्दीरामच्या केसमध्ये २००० साली ते स्पष्ट झालं, पण डिस्ट्रिब्युटरचा करार मोडल्याची तक्रार असेल तर पहिल्याच तारखेला तोंड बंद.

कागद काय काय: मूळ करार, बिलं, जीएसटी रिटर्न (तुमचं नाव किती वर्षं बाजारात आहे हे यातून दिसतं), ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट, जाहिरातीची बिलं, आणि समोरच्याचा माल बिल घेऊन विकत घेतलेला. बिल महत्त्वाचं, नाहीतर तो म्हणेल हे पाकीट माझं नाहीच. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून फोटो काढा पण फोटोवर थांबू नका, खरी पाकिटं कोर्टात न्या, आमच्या साहेबांनी दोन्ही हातात घेऊन उलटी करून बघितली होती आणि मागच्या बाजूचा कस्टमर केअरचा मजकूर शब्दन् शब्द तोच निघाला, आमच्या छपाईतल्या चुकीसकट. आम्ही "तिखट" चं "तीखट" छापलं होतं. त्यानंही "तीखट". माझ्या मते केस तिथंच निम्मी जिंकली. व्हॉट्सॲप चॅट, ईमेल दाखल करायचं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलचा डिजिटल ठसा), त्यामुळे फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका.

आणि आपल्या विरुद्ध जाणारा कागदही स्वतःच दाखल करा, हे मला आधी पटलं नव्हतं. आमच्या वडिलांनी त्या डिस्ट्रिब्युटरला कधीतरी मेल केला होता की सीझनपुरतं पाकिटावर तुझंही नाव टाक. मी म्हटलं हा कशाला द्यायचा. वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही दिला तर तो कागद आहे, त्यानं दिला तर तो बॉम्ब आहे." ऑर्डर ३९ रूल ४ मध्ये सरळ लिहिलंय की खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून एकतर्फी मनाई घेतली असेल तर ती उठते, आणि एकदा लपवालपवी दिसली की पुढं साहेब तुमच्या खऱ्या गोष्टीवर पण विश्वास ठेवत नाहीत.

अर्जातली मागणी स्वतः वाचा, वकिलाच्या टायपिस्टवर सोडू नका. "प्रतिवादीने वादीच्या धंद्यात कोणत्याही प्रकारे हरकत अडथळा करू नये" ही शेतबांधाच्या दाव्यातून उचललेली ओळ धंद्याच्या केसमध्ये कुचकामी आहे, कारण असा हुकूम मिळाला तरी तो नेमका मोडला कधी हे सिद्ध होत नाही. आमची शेवटी अशी होती: प्रतिवादी, त्याचे नोकर, एजंट, वितरक यांनी दाव्याच्या निकालापर्यंत सोबत जोडलेल्या परिशिष्टातल्या पाकिटासारखं किंवा फसवं साम्य असलेलं पाकीट छापू नये, त्यात माल भरू नये, विकू नये, ऑनलाइन टाकू नये. परिशिष्टाला पाकिटाची रंगीत प्रत. नक्कल करणारे कोण आहेत हेच माहीत नसेल तरी मार्ग आहे, बाहेर ज्याला जॉन डो ऑर्डर म्हणतात तिला आपल्या कोर्टांत "अशोक कुमार" ऑर्डर म्हणतात, आणि मुंबई हायकोर्टात कोर्ट रिसीव्हर, म्हणजे कोर्टाचाच अधिकारी, जाऊन माल ताब्यातही घेतो.

महाराष्ट्रातल्या जिल्हा कोर्टांत मनाईचा अर्ज म्हणजे "निशाणी ५". कुणी "निशाणी पाचवर आर्ग्युमेंट आहे" म्हटलं की समजायचं. एकतर्फी मिळाली तर पेढे नंतर वाटा, त्याच दिवशी अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदांच्या प्रती समोरच्याला रजिस्टर पोस्टानं पाठवायच्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसं प्रतिज्ञापत्र कोर्टात द्यायचं, ही ऑर्डर ३९ रूल ३ ची अट आहे आणि ती चुकली म्हणून चांगल्या मनाया उठल्यात. हुकमाची सर्टिफाइड प्रत लगेच मागा. मनाई प्रतिवादीवर असते, पण छापखान्याला आणि ऑनलाइन पोर्टलला प्रत पाठवली की बऱ्याचदा तेच हात आखडतात.

तरीही माल विकत राहिला तर? पुन्हा बिल घेऊन खरेदी करा, तारीख दिसेल असं, आणि रूल २अ चा अर्ज. मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी तुरुंगात तीन महिन्यांपर्यंत टाकता येतं. पण मुद्दाम मोडलाय हे स्पष्ट दिसावं लागतं, दुकानात पडून राहिलेला जुना माल आणि नव्यानं छापलेला माल यात फरक करतात, म्हणून पाकिटावरची पॅकिंगची तारीख वाचा.

काही प्रकार वेगळे आहेत ते पटकन सांगतो. कामगार किंवा मॅनेजर सोडून गेला की मालकांना वाटतं बाँड लिहून घेतलाय, आता तो कुठंच जाऊ शकत नाही. १९६७ चा गोलिकरी विरुद्ध सेंचुरीचा निकाल बघा, आपल्या कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातली केस, पाच वर्षांच्या कराराची मुदत संपायच्या आत माणूस दुसऱ्या कंपनीत गेला आणि सुप्रीम कोर्टानं मनाई टिकवली, पण कराराच्या मुदतीपुरतीच. मुदत संपल्यानंतरचं बंधन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ मुळं सहसा टिकत नाही. आपला श्रीरामपूरचा जहीर खान, त्याच्यावर परसेप्ट कंपनीनं करार संपल्यानंतरच्या हक्कासाठी मनाई मागितली होती, मुंबई हायकोर्टात सिंगल जजनं दिली, डिव्हिजन बेंचनं उठवली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही नाही म्हटलं. गुपित रेसिपी किंवा ग्राहकांचा डेटा नेला असेल तर तो वेगळा मुद्दा, तो वेगळा लिहा.

डिस्ट्रिब्युटरशिप काढून घेतली म्हणून "कंपनीनं मलाच माल द्यावा" अशी मनाई मागणाऱ्यांनी अमृतसर गॅसचा १९९१ चा निकाल वाचावा. करारात ३० दिवसांच्या नोटिशीवर तोडायचं कलम असेल तर चुकीनं तोडला तरी फार तर त्या ३० दिवसांची भरपाई. उलट करार चालू असताना "दुसऱ्याचं पेय बनवणार नाही" हे बंधन मात्र टिकतं, १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोलामध्ये तेच झालं, आणि तिथं कोर्टानं हेही म्हटलं की मनाई उठवायला येणाऱ्याचे हातही स्वच्छ पाहिजेत.

बँक गॅरंटी वटवू देऊ नका अशी मागणी तर जवळपास विसराच. उघडउघड मोठी फसवणूक किंवा कधीच भरून न येणारा अन्याय, याशिवाय कोर्ट हात लावत नाही, काम झालं होतं, बिल अडकलंय, हे मुद्दे तिथं चालत नाहीत.

आता उलटी बाजू. समोरचा आपल्यावर मनाई आणेल असा वास आला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ चं कॅव्हेट टाका, ९० दिवस चालतं, मग तुम्हाला कळवल्याशिवाय हुकूम होत नाही. तोटा एकच, कॅव्हेटची नोटीस समोरच्याला जाते, म्हणजे झोपलेला असेल तर जागा होतो. एकतर्फी हुकूम आलाच तर चिडून मोडू नका, चुकीचा वाटला तरी उठेपर्यंत पाळावाच लागतो. लगेच रूल ४ चा अर्ज द्या, आणि त्याचा मूळ अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टानं करायचा असतो, रूल ३अ, त्याची आठवण करून देत राहा. "सहा महिने झाले, स्टे आपोआप उठला" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी तो आपोआपचा नियम काढून टाकलाय. अपील आहे, कमर्शियल कोर्टाच्या हुकमावर ६० दिवसांत, पण अपिलात सगळं नव्यानं तपासत नाहीत, खालच्या कोर्टानं मनमानी केली का एवढंच मुख्यतः बघतात, त्यामुळे जीव खालच्या कोर्टातच ओता. आमच्याकडच्यांना एक बरं झालंय, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, अपिलासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढायला नको.

असली बरीच प्रकरणं निकालापर्यंत जातच नाहीत, मनाई मिळाली की समोरचा बोलायला येतो. आमचाही आला. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांच्या संमतीच्या अटी, झाल्या, पाकिटाचा रंग बदलायचा, शिल्लक माल संपवायला ४५ दिवस, खर्च आपापला. सही करायच्या आधी वकीलसाहेबांच्या क्लार्कनं विचारलं, "पाकीट छापायचे सिलिंडर कुणाकडे राहणार?" कुणालाच सुचलं नव्हतं. सिलिंडर राहिले असते तर पुढच्या मार्चला तेच पाकीट परत निघालं असतं. मग एक कलम वाढवलं, त्यांनी ते छापखान्यातून आणून आमच्या माणसासमोर घासून कोरे करून घ्यायचे, आणि तशी पावती कोर्टात द्यायची.